ओवीनं वांगं खाल्लं!

घरखर्च कमी करायच्या नादात मी एकदा दुसऱ्याची मुलगी घरी घेऊन आलो. चुकून. हा "चुकून" शब्द त्या दिवशी मी इतक्या लोकांसमोर इतक्या वेळा उच्चारला, की शेवटी शेवटी मलाच माझा संशय यायला लागला होता.

आमची धाकटी, चिकू, जन्माला आली आणि घरातल्या खर्चाला पाय फुटले. (चिकूला स्वतःला अजून बसताही येत नव्हतं.) सुषमा, म्हणजे माझी बायको, घरी शिकवण्या घ्यायची, त्या बंद पडल्या. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझा पगार वाढण्याचा वेग आणि चिकूचे डायपर संपण्याचा वेग यांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. मोठी ओवी पहिलीत. तिला रोज नवं खोडरबर लागतं. ती ते खाते की पुरते, हे अजून कळलेलं नाही. आणि सासूबाई आर्णीहून बाळंतपणाला आलेल्या. त्यांचा स्वतःचा खर्च शून्य, पण सल्ले भरपूर.

एका रविवारी आम्ही काटकसरीची बैठक घेतली. सुषमानं एकामागून एक कपाती सुचवल्या. वर्तमानपत्र बंद, शेजारच्यांचं दुपारी आणून वाचायचं. कूलर एकाच खोलीत. सासूबाईंच्या चष्म्याची काडी मोडली होती, ती पुढच्या महिन्यात. (सासूबाई म्हणाल्या, "मले काय पाहाचं हाये आता? तुमाले सगळ्याईले पाहून झालं.") सगळे त्याग दुसरेच करत होते. कुटुंबप्रमुख म्हणून आपणही काहीतरी सोडावं असं मला वाटलं, म्हणून मी दुसऱ्याचंच सोडलं.

"ओवीचा ऑटो बंद!" मी जाहीर केलं. "माही सेकंड शिफ्ट. सकाळी मी रिकामाच राह्यतो. मीच सोडीन, मीच आणीन."

सुषमानं माझ्याकडे पाहिलं. "रोज जा लागन बरं. ध्यान ठेवून."

"पोट्टीले शाळेतून आनाचं हाये, सुषमा. रॉकेट नाही उडवाचं."

हे वाक्य मी का बोललो असेन? आजही आठवलं की कानशिलं तापतात.

पहिला आठवडा झकास गेला. मी इतका खूश झालो, की काटकसरीत आणखी सुधारणा करायला लागलो. आमचं घर उताराच्या पायथ्याशी आणि शाळा वर टेकाडावर. येताना मी गाडीचं इंजिनच बंद करायचो! नुसत्या उतारावर गाडी थेट घरापर्यंत घरंगळत यायची. पेट्रोलही मी थोडं थोडंच भरायचो. टाकीत कमी असलं की माणूस कमी फिरतो, असा माझा सिद्धान्त होता. मागचा इंडिकेटर तुटला, तो मी खाकी चिकटपट्टीनं बांधला. आणि ओवीला सक्त ताकीद दिली, "आजपावेतो चार बाटल्या हरवल्या तुनं. आता ही हरवली तं दुसरी भेटनार नाही. वंजळीनं पानी पेजो!"

आता उन्हाचं सांगायला पाहिजे. आमच्या यवतमाळात एप्रिल महिन्यात चेहरा असलेला माणूस रस्त्यावर दिसत नाही. सबंध गाव तोंड बांधून फिरतं. सख्खा भाऊ समोरून गेला तरी गाडीच्या नंबरावरून ओळखावा लागतो. शाळेनं तर मुलींना पांढरे स्कार्फ सक्तीचेच केले होते. त्यामुळे साडेअकराला शाळा सुटली की फाटकातून शंभर-सव्वाशे पांढरी गाठोडी बाहेर पडायची, आणि प्रत्येक गाठोड्याला दोन डोळे. माझ्यासाठी म्हणून वेगळा दुपट्टा घेणं काटकसरीत बसत नव्हतं. मी सुषमाची जुनी ओढणी बांधायचो. जांभळी, काठाला चमचम टिकल्या. वरून काळा गॉगल. दिसायला कसं दिसत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. पुढे तो विचार इतरांनी केला.

तो मंगळवार होता. ऊन असं, की गाडीच्या सीटवर पोळी भाजून निघाली असती. मी गाडी नेहमीप्रमाणे उताराच्या तोंडाशी लावली आणि फाटकाकडे पाहत उभा राहिलो. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. पाइप जोडायचे कुठल्याशा मापाचे कपलिंग सापडत नव्हते. मी फोनवर ओरडतोय, "अरे तिसऱ्या रॅकवर पाह्य ना!", आणि खाली एक पांढरं गाठोडं गाडीपाशी येऊन उभं राहिलं. तसलंच दप्तर, तसलाच गणवेश, उंचीही तेवढीच.

"बस लवकर!" मी म्हणालो.

गाठोडं बसलं.

मी फोन खिशात टाकला, ब्रेक सोडला आणि गाडी उताराला लागली. इंजिन बंद असल्यानं बोलायला छान शांतता होती. मी बोलायला लागलो.

"डबा संपवला?"

"हो."

"बाईनं रागावलं तं नाही?"

"नाही."

"आता उन्हाळाभर कुल्फी मांगाची नाही. खर्च कमी कराचा हाये आपल्याले. समजलं?"

"हो."

माझा ऊर भरून आला. ओवी आणि "हो"! जन्मल्यापासून तिनं कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं नाही. मला वाटलं, आठवडाभर बापाच्या सहवासात राहिली, पोरगी सुधारली! मग मी उरलेला सबंध उतार तिला बचतीवर भाषण दिलं. मागून एकदाही तक्रार आली नाही. असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता.

घरी आलो. मुलगी आत गेली. मी ओढणी सोडून तडक कूलरसमोर खाटेवर आडवा झालो. सुषमा आतल्या खोलीत चिकूला झोपवत होती. सासूबाईंनी मुलीचे हातपाय धुतले, स्कार्फ सोडला, पाटावर बसवून ताट वाढलं. हे सगळं त्यांनी चष्म्याविना, निव्वळ अनुभवाच्या बळावर केलं.

माझा मोबाइल वाजला. ओवीच्या वर्गाच्या पालकांचा ग्रुप. बघतो तर काय, शाळेच्या कॅमेऱ्यातला एक धूसर फोटो, आणि खाली मजकूर: "सावधान!! आत्ताच शाळेच्या फाटकावरून अनोळखी इसमाने मुलीला गाडीवर बसवून पळवून नेले आहे. इसमाने तोंड ओढणीने बांधले होते. गाडी काळी. इंजिन चालू न करताच पळाला!!"

मी ताडकन उठून बसलो. भर दिवसा! आपल्या शाळेतून! आणि इंजिन चालू न करता म्हणजे केवढा सराईत असेल! माझ्यातला बाप खवळला. मी तो फोटो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला, कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, आर्णीला सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. वर स्वतःची ओळही जोडली: "अशा नराधमांना भर चौकात उभे केले पाहिजे."

"नशीब, आपली पोट्टी मी सोता आनतो," असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आनंदानं थरथरणारा आवाज आला.

"अवं सुषमा! ऐकलं काय? ओवीनं आज वांगं खाल्लं! दुसऱ्यांदा मांगून राह्यली!"

आतल्या खोलीतला पाळणा थांबला.

"वांगं?" सुषमाचा आवाज आला. "ओवीनं?"

"हो नं वं! देठासकट!"

आमच्या ओवीला वांग्याचा वाससुद्धा चालत नाही. वांगं शिजलं तर ती गच्चीवर जाऊन बसते. सुषमा आतून अशी बाहेर आली, जशी आगीची आरोळी ऐकून माणसं बाहेर येतात. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली आणि तिथंच खिळली.

"अवो..." ती म्हणाली. "हे कोन हाये?"

मी कूलरसमोरूनच म्हणालो, "कोन म्हंजे? ओवी हाये."

"इकडं या."

मी गेलो. पाटावर दोन वेण्या घातलेली, गोबऱ्या गालांची, मला संपूर्णपणे अपरिचित अशी एक मुलगी वांग्याच्या रश्श्यात पोळी बुडवत होती. ती माझ्याकडे बघून गोड हसली.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि फुटला तो असा फुटला, की फुटला नसता तर बरं झालं असतं. मी त्या मुलीला विचारलं, "तू इथं काहून आली?"

"तुमीच तं आनलं," ती म्हणाली. "मले म्हटलं, बस लवकर. मी बसली."

"पन कोनाच्याबी गाडीवर बसाचं असते काय, बेटा?" सुषमानं तिच्यापुढे बसत विचारलं. "नाव काय तुहं?"

"आरू राठोड. माहे काका येनार होते घ्याले, घाटंजीवरून. याडीनं सांगतलं होतं, काकाची काळी गाडी राहीन, अन् तोंड बांधून राहीन." याडी म्हणजे आई, हे आम्हाला ठाऊक होतं, आमचे निम्मे शेजारी बंजारा आहेत. "मले वाटलं हेच काका."

सासूबाईंनी मोडक्या काडीचा चष्मा एका हातानं डोळ्यांपुढे धरला, मुलीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं माय! म्हूनच म्हटलं, पोट्टी आज एवढी गुनाची कशी!"

मी खिशातून मोबाइल काढला. हळूच तो फोटो उघडला. माझ्या मनात एक भयंकर शंका डोकं वर काढत होती. मी ती परत आत ढकलणार, तेवढ्यात सुषमानं मोबाइल हातातून ओढून घेतला. फोटो बोटांनी मोठा केला.

"हे ओढनी माही हाये," ती म्हणाली.

मी आरूच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"हे तं तुमीच!"

मी पाण्याचा तांब्याही तिच्यापुढे सरकवला.

"अन् हे खाली कोनं लिवलं, नराधम?"

"मी," मी म्हणालो.

मग तिचा चेहरा एकाएकी पांढराफटक पडला. तिनं दोन्ही हातांनी माझा दंड पकडला.

"मंग ओवी कुठं हाये?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. बाहेर आग ओकणारं ऊन. शाळा सुटून पाऊण तास झालेला. माझी सहा वर्षांची पोर फाटकाशी उभी असेल, की कोणाच्या तरी काळ्या गाडीवर "बस लवकर" ऐकून बसली असेल? शाळेचा फोन लावला, सतत बिझी. पुन्हा लावला, बिझी. (साहजिक होतं. सबंध गाव माझ्याबद्दलच चौकशी करत होतं.)

चिकूला सासूबाईंच्या मांडीवर टाकून आम्ही निघालो. आरूला टाकीवर पुढे बसवलं, सुषमा मागे. सवयीनं मी ओढणी उचलली.

"खबरदार तोंड बांधसान तं!" सुषमा कडाडली. "उघडं तोंड घेऊन चाला! लोकाईले दिसू द्या!"

चढ अर्धा झाला आणि गाडी खोकली. मग शिंकली. मग बंद पडली. टाकीत कमी असलं की माणूस कमी फिरतो, हा माझा सिद्धान्त त्या दिवशी पूर्णपणे सिद्ध झाला. एप्रिलातल्या दुपारी, बोडक्या डोक्यानं, मी ती गाडी चढावर ढकलायला लागलो. आरू वर राणीसारखी बसलेली. सुषमा पुढे पळत सुटली होती. चप्पल तुटली तशी हातात घेऊन, पदर डोक्यावर ओढून, अनवाणी पळत होती. एरवी अंगणातल्या फरशीवरसुद्धा ती दुपारी पाय ठेवत नाही.

आणि माझा मोबाइल वाजला. कारखान्यातला सदा.

"मनोज, तुनं तो किडनॅपरचा फोटो टाकला ना? आमी सगळे पाहून राह्यलो. अबे, त्याच्या गाडीचा इंडिकेटर चिकटपट्टीनं बांधला हाये! सेम तुया गाडीसारखा! तुयी गाडी चोरीले तं नाही गेली?"

मी फोन ठेवला. परत वाजला. आर्णीहून मेव्हणा.

"भाऊजी, ते जांभळी ओढनी तं आमी ताईले राखीले देलती!"

"संजू, मी नंतर बोलतो."

"नाही, नाही, एकच सांगा. तुमी लिवलं ना, चौकात उभं करा म्हून? कोनत्या चौकात येऊ?"

मी मोबाइलच बंद केला. सुषमा वळणावर थांबली होती. धापा टाकत तिनं आरूला विचारलं, "बेटा, तुह्या पप्पाचा नंबर येते काय? पप्पा काय करते?"

"पप्पाचं दुकान हाये," आरू म्हणाली. "मोबाइल दुरुस्तीचं."

"अन् याडी? घरीच राह्यते?"

"नाही. याडी पोलिस हाये."

गाडी माझ्या हातून मागे घसरायला लागली.

अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाची मुलगी नव्हती का? शिंप्याची होती, किराणावाल्याची होती, माझ्यासारख्या स्टोअरकीपरची होती! मी नेमकी पोलिसाची उचलली!

शाळेच्या फाटकाशी ही गर्दी. बायका, ऑटोवाले, रसवंतीवाला चरक सोडून आलेला. मी गाडी ढकलत पुढे, वर आरू. कोणीतरी किंचाळलं, "तोच! तोच गाडीवाला!" आणि गर्दी दुभंगली. मधून खाकी गणवेशातली एक उंच बाई धावत आली. तिचा चेहरा रडून सुजलेला होता. तिनं आरूला टाकीवरून उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.

"याडी," आरू तिच्या खांद्यावरून म्हणाली, "मी वांगं खाल्लं."

बाईंनी तिला खाली ठेवलं, डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळल्या. आयुष्यात माझ्याकडे कोणी असं पाहिलेलं नाही. लग्नानंतर सुषमानंसुद्धा नाही.

"चुकून!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो. "म्याडम, चुकून! मी पालक हावो! पहिली ब!"

सुषमा मात्र कोणाशीही न बोलता सरळ आत पळाली. मीही तिच्यामागे पळालो. (हे दृश्य बाहेरून "आरोपीने पळ काढला" असं दिसलं. दोन ऑटोवाल्यांनी मला ऑफिसच्या दारात धरलं.) पण दारातून मला आतलं दिसत होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या खुर्चीवर, कूलरसमोर, पाय हलवत ओवी बसली होती. हातात बिस्किट. मांडीवर पाण्याची बाटली.

माझा जीव भांड्यात पडला. सुषमानं तिला कवटाळलं आणि मोठ्यानं रडायला लागली. तिला इतकं रडताना मी पाहिलं नव्हतं. मीही रडलो असतो, पण दोन्ही हात ऑटोवाल्यांकडे होते.

कोपऱ्यात स्टुलावर आणखी एक माणूस बसला होता. गळ्यात सोडलेला दुपट्टा, चेहरा रागानं लाल. हे आरूचे खरे काका. बिचारे घाटंजीहून धुळीत माखून, दहा मिनिटं उशिरा, काळ्या गाडीवर, तोंड बांधून फाटकाशी आले आणि "माही पुतनी कुठं हाये?" विचारताच लोकांनी त्यांनाच धरून बसवलं होतं! वहिनी येऊन ओळख पटवेपर्यंत त्यांच्याकडून तीन जणांनी तीन वेळा नाव, गाव वदवून घेतलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. त्यांनी घेतला नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी घसा साफ केला. "ओवी, बेटा, नीट बघ. हे तुझे पप्पा आहेत का?"

मी आरशात पाहिलं नव्हतं, पण उन्हानं तोंड टमाट्यासारखं झालं असणार, केस धुळीनं उभे. ओवीनं मला वरपासून खालपर्यंत निरखलं. ऑटोवाल्याची पकड घट्ट झाली.

"हायेत," ती म्हणाली. मी सुटकेचा श्वास सोडतो तोच ती पुढे म्हणाली, "पन मी यायच्यासंगं जात नाही. हे पोट्टी बदलवते."

बाहेर कोणीतरी फस्सकन हसलं. ऑटोवाल्यांनी मला सोडलं. मी ओवीपुढे गुडघ्यावर बसलो.

"तू बाहेर काहून नाही आली वं, बेटा?"

"बाटली वर्गात राह्यली होती. मी आनाले वापस गेलती." तिनं बाटली माझ्यापुढे धरली. "तुमीच म्हटलं होतं ना, हरवली तं वंजळीनं पे म्हून. मी आली तं तुमी दुसरीले घेऊन चालले होते. मी पप्पा, पप्पा म्हटलं. तुमी ऐकलंच नाही. तुमी तिच्यासंगं बोलतच होते. मी बाईले सांगतलं, माह्या पप्पानंच नेलं तिले, पन कोनी ऐकलंच नाही." आणि इतका वेळ धीरानं बिस्किट खात बसलेल्या माझ्या पोरीचा ओठ थरथरला आणि ती रडायला लागली.

सबंध उतारभर मी भाषण देत होतो आणि मागे कोण ऐकतंय, हे एकदा मान वळवूनही पाहिलं नव्हतं. मी तिला उचलून घेतलं. तिनं माझ्या खांद्याला नाक पुसलं आणि रडतरडतच विचारलं, "तिले कुल्फी देली काय?"

"नाही."

"मंग ठीक हाये."

त्यानंतरचे दोन तास ठाण्यात गेले. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, "मुलीले सोबत नेण्याचा उद्देश?" मी म्हणालो, "खर्च कमी करणे." त्यांनी पेन खाली ठेवलं. मी ऑटोपासून बाटलीपर्यंत सगळं सांगितलं. तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि बाहेरून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला. मग माझा फोटो झाला, आधारची झेरॉक्स झाली, पत्ता, कारखान्याचा पत्ता, सासुरवाडीचा पत्ता. आत राठोडबाई आणि सुषमा एकाच बाकावर बसलेल्या. आधी दोघी रडल्या. मग राठोडबाईंचा आवाज माझ्या कानावर आला.

"ताई, तिनं खरंच वांगं खाल्लं? घरी तं पानातून फेकून देते हो!"

"तिळाचं कूट टाकते माही आई," सुषमा म्हणाली.

"किती टाकाचं?"

इकडे मी आरोपीच्या खुर्चीवर, आणि तिकडे वांग्याच्या भाजीची कृती!

घरी आलो तर फाटकाशी अर्धी कॉलनी. ग्रुपवर मीच टाकलेल्या फोटोखाली पाऊणशे लोकांनी संताप व्यक्त केला होता. त्यातल्या अकरा जणांना मी उधारीवर पाइप मिळवून दिले होते. कारखान्यात तर आजही नवा माणूस रुजू झाला की सदा त्याला माझी ओळख करून देतो: "हे मनोजभाऊ. यायच्या समोर पोट्टी आनू नको."

चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर राठोडबाई, पूर्ण गणवेशात! समोरच्या तीन खिडक्या एकदम उघडल्या. मी आपोआप दोन्ही हात पुढे केले. (का केले, देव जाणे. चित्रपट पाहून.)

"हात खाली घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "एक काम हाये. माही ड्युटी बदलली. दीर रोज घाटंजीवरून येऊ शकत नाही, अन् आता तं तो येतच नाही म्हनते. आरूले तुमी रोज ओवीसंगं आनसान काय? मी इथून घेऊन जात जाईन."

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. "मी? तुमी माह्यावर भरवसा ठेवता?"

"तुमच्यावरच ठेवते," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचा फोटो ठान्यात हाये. आधार हाये. घरचा पत्ता, कारखान्याचा पत्ता, सासऱ्याचा पत्ता, सगळं फायलीत लागलेलं हाये. एवढी चौकशी झालेला मानूस अख्ख्या यवतमाळात दुसरा कोन हाये, सांगा?"

आतून सासूबाई ओरडल्या, "आनत जा, जवाईबापू! एक तं पोट्टी वांगं खाईन घरात!"

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. फाटकाशी गेलो की मी आधी दोन्ही मुलींचे स्कार्फ वर करायला लावतो. चेहरे पाहतो. नाव विचारतो, आडनाव विचारतो, आईचं नाव विचारतो. बाकीच्या आया तोंडाला पदर लावून हसतात. हसोत! बाटल्या तपासतो, दप्तरं तपासतो, वॉचमनला दोघींकडे बोट करून दाखवतो, "ह्या दोन, बरोबर?" तो मान हलवतो, मगच मी निघतो. आता चूक होणं शक्य नाही.

परवाही हे सगळं व्यवस्थित पार पाडून मी इंजिन बंद ठेवूनच, उतारावरून घरंगळत, ऐटीत घरी आलो. सुषमा दारातच होती. तिनं ओवीला पाहिलं, आरूला पाहिलं, समाधानानं मान डोलावली. मग तिची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली.

"पोट्ट्या बरोबर हायेत," ती म्हणाली. "पन हे गाडी कोनाची हाये?"